शाळेला दिलेली मिशी

दगडू न्हाव्यानं वस्तरा चामड्यावर दोनदा फिरवला, माझ्या नाकाखाली पाणी चोळलं आणि एकदम हात मागे घेतला.

"न्हाय बा," तो म्हणाला. "माझ्यानं न्हाय हुयाचं."

"आता काय झालं?" आबांनी विचारलं. आबा म्हणजे माझे वडील, म्हाळू लवटे. ते माझ्या शेजारीच धोंड्यावर बसून तंबाखू मळत होते.

"म्हाळूतात्या, तुम्ही समूर बसलाय धडधाकट. आन तुमच्या देखत तुमच्या पोराची मिशी उतरवू? बाप गेल्याबिगर मिशीला वस्तरा लावत न्हाईत. ही काय मी तुम्हाला सांगायची गोष्ट हाय?"

"मी सांगतोय न्हवं? काढ."

"आन उद्या तुम्हाला काय झालं मंजी? लोक म्हनतील, दगड्यानं वस्तऱ्यानं मारला म्हाताऱ्याला."

"मग घटकाभर मला मेला समज," आबा म्हणाले. "तुझं काम झालं की उठतो परत."

दगडूला हसू येईना. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी आबांकडे बघितलं. आबांनी तंबाखू दाढेला धरली, उठून माझ्यामागे आले आणि माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, कातरणीच्या वेळी मेंढराचं धरतात तसं.

"हाल नगं," ते म्हणाले.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. चणीनं बारका. दाढीचा पत्ता नव्हता, पण मिशी मात्र देवानं हात सैल सोडून दिली होती. आदल्या वर्षी माझं लग्न झालं, तेव्हा तानाच्या माहेरच्या बायका म्हणाल्या होत्या की नवरदेव मिशीच्या मागं उभा आहे. ती मिशी दोन बाजूंनी उतरली आणि माझ्या मांडीवरच्या धोतरात पडली. तोंडावर वारा लागला. तिथं वारा कसा लागतो ते मी विसरूनच गेलो होतो.

ताना पाण्याची घागर घेऊन येत होती. तिनं मला बघितलं, घागर खाली ठेवली आणि पदर तोंडात कोंबला.

"रडती का हसती?" आबांनी विचारलं.

"माझं मलाच कळंना, मामंजी," ती म्हणाली.

हे सगळं कशासाठी ते सांगतो.

आमची लवटेवस्ती माणदेशातल्या एका माळावर आहे. सगळी धनगरांची घरं. दसरा झाला की आमचे वाडे, म्हणजे मेंढरं, घोडी, बायकापोरं, असा सगळा बाडबिस्तरा कृष्णाकाठाकडं निघायचा. तो परत यायचा पावसाच्या तोंडावर. मागं राहायची म्हातारी माणसं आणि दुभती शेरडं. अशा वस्तीवर कुंभार गुरुजी आले आणि बिरोबाच्या देवळाच्या ओट्यावर पोरं गोळा करून बसू लागले. दोन वर्षं त्यांनी ओट्यावर शाळा चालवली. मग म्हणाले, "इमारत बांधा. इमारत झाली तर शाळा कायमची मंजूर होईल."

बांधकामासाठी त्या साली वाडे लवकर परतले आणि आम्ही आठ महिने बांधत होतो. दगड माळावरचाच. माती बायकांनी तुडवली. कौलं तालुक्याहून आणायची होती आणि आमच्या माळावर बैलगाडी चढत नव्हती, म्हणून वाड्याच्या घोड्यांवर कौलं लादली. आमच्या एका घोडीला कौलांच्या खणखणाटाची इतकी सवय लागली की पुढं बरेच दिवस रिकामी चालायला ती तयार व्हायची नाही. जन्मभर पालात झोपलेल्या माणसांनी चार सरळ कोपरे उभे केले होते. म्हातारी माणसं संध्याकाळी येऊन कोपऱ्यात उभी राहायची आणि दोन्ही भिंतींना हात लावून बघायची. पोरांना बसायला प्रत्येक घरानं एक घोंगडी दिली, नवी, खळ दिलेली.

आणि इतकं झाल्यावर गुरुजींनी अट सांगितली. उद्घाटनाला शिक्षण खात्याचे कारखानीस साहेब येणार होते. ते पोरं मोजणार होते. पटावरची वीस पोरं समोर बसलेली दिसली तरच मंजुरी. एक जरी कमी पडलं, तरी गुरुजींची बदली आणि इमारतीला कुलूप. आमच्याकडं एकवीस पोरं होती. पण साहेबांनी तारीख आठ दिवस पुढं ढकलली, दसरा उलटून गेला आणि धुळा खरात मेंढरं उपाशी ठेवायला तयार झाला नाही. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी तो वाडा घेऊन गेला. त्याच्याबरोबर त्याची दोन पोरं गेली.

राहिली एकोणीस.

शेजारच्या गावातनं एखादं पोर आणावं, तर तिथल्या शाळेत मोजायला जाणारे साहेब हेच. आदल्या संध्याकाळी सगळी वस्ती देवळापुढं बसली होती. कुणी म्हणालं, रांगतं पोर बसवू. कुणी माझ्याकडं बोट करून म्हणालं, ह्या बिरूला मागच्या रांगेत बसवा, तो काय उंचीनं जास्त न्हाय. लोक हसले. मीही हसलो. आबा हसले नाहीत. पहाटे त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, "दगडू आलाय. चल."

खरं तर शाळेत बसण्याचा विषय आमच्या घरात आधीही निघाला होता. गुरुजी आले त्या वर्षीच आबा म्हणाले होते, संध्याकाळचा जाऊन बस की घटकाभर ओट्यावर. मी म्हणालो होतो, "मिशी फुटलेल्या गड्यानं पाटी धरायची? लोक शेण घालतील तोंडात." आबांनी पुन्हा विचारलं नव्हतं.

सकाळी शाळेपुढं ढोल सुरू झाले. गजी नाचणाऱ्यांनी रिंगण धरलं. भंडाऱ्यानं माती पिवळी झाली. आमच्याकडं आंब्याचं झाड नाही, म्हणून एक गडी चार कोस जाऊन डहाळ्या घेऊन आला होता. त्या तोवर सुकल्या, तरी तोरण बांधलंच. चुलवणावर गव्हाची खीर रटरटत होती.

मी आत बसलो होतो. शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून. अंगात गुरुजींच्या भावाचा पांढरा सदरा, खाली खाकी अर्धी विजार. कुणी आणली होती कोण जाणे. माझे केसाळ गुडघे झाकायला मांडीवर घोंगडीचं टोक ओढून घेतलं होतं. शेजारी माझ्या चुलतभावाची सात वर्षांची रखमा.

"काका, मिशी कुठं गेली?" तिनं विचारलं.

"चरायला."

"कवा येनार?"

"गप बस. समूर बघ."

"तूच खाली बघतुयास."

खरंच मी खाली बघत होतो. पुढं कोण बसलंय, काय चाललंय, मी मान वर करून पाहिलंच नाही. शिवाय आम्ही धनगर मोजत नाही. कळपाकडं बघितलं की कोण नाही ते कळतं. आणि लेकरं तर कुणीच मोजू नयेत, अशी आमच्याकडं समजूत. म्हणून साहेब मोजणार म्हटल्यावर बायकांनी पोरांच्या कानामागं काजळाचं बोट लावलं होतं. तानानं येऊन मलाही लावलं. लावताना हळूच म्हणाली, "माझा गोंडस बाळ त्यो."

साहेब आले. सायकलवरून, घामाघूम. दाराला रेशमी फीत नव्हती, लोकरीचा पिळलेला दोर बांधला होता. कातरीच्या जागी लोकर कातरायची मोठी कातर पुढं केली, तेव्हा साहेब दचकले. पण त्यांनी ती दोन्ही हातांत धरली आणि दोर कापला. ढोल असे वाजले की कौलांवरची धूळ आत पडली.

मग ते आत आले आणि एकेका रांगेवरून बोट फिरवू लागले. माझ्यापाशी बोट थांबलं. मी मान आणखी खाली घातली. बोट पुढं गेलं.

"ठीक," साहेब म्हणाले. "भरतात."

बाहेर खिडकीला तोंडं लावून उभ्या असलेल्या माणसांनी श्वास सोडला. गुरुजींनी रुमालानं कपाळ पुसलं.

नेमकी तेव्हाच केराआत्या आली.

केराआत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. तिला पाच कोसांवर दिलेलं. सोहळ्याला यायला निघाली होती, पण उशीर झाला होता. ती दारातल्या गर्दीत न शिरता खिडकीपाशी आली, आत डोकावली आणि तिला मी दिसलो. पांढरा सदरा, सफाचट तोंड, खाली घातलेली मान.

"आगं आयाऽऽ!" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "माझा दादा गेला गंऽऽ! मला सांगावा बी न्हाय धाडला गंऽऽ! आरं बिरू, कवा गेला रं माझा दादा?"

ढोल थांबले. आत्याच्या मागं तिच्या वस्तीच्या चार बायका होत्या. त्यांनीही सूर धरला. एक तर आबांना ओळखतही नव्हती.

"दादा, तुझ्या हातची लोकर आता कोन कातरंल रंऽऽ!"

आबा खिरीच्या चुलवणापाशी होते. हातात पळी घेऊन ते धावत आले. "केरे! ए केरे! आगं जिता हाय मी! हिकडं बघ!"

आत्यानं वळून बघितलं. रडं तोंडातच राहिलं. तिनं आबांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मग तिला खरा राग आला.

"जिता हाईस तर मग पोराच्या तोंडाला काय रोग झाला?"

वस्ती हसत सुटली. पोरं हसली. रखमा तर माझ्यावरच कोसळली. मीही हसलो असतो, पण मला साहेब दिसत होते. साहेब हसत नव्हते. माणूस याच मुलखातला होता, मिशी कधी काढतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. हळूहळू बाहेरचंही हसू विझलं.

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"उभा राहा."

मी उभा राहिलो. घोंगडी खाली पडली आणि गुडघे उघडे पडले.

"वय काय तुझं?"

गुरुजी भिंतीकडं बघत होते. मी खोटं सांगितलं असतं तर कदाचित चाललं असतं. पण माझं तोंड आधीच इतकं उघडं पडलं होतं की त्यावर खोटं बसेना.

"एकोनीस."

"लग्न?"

"झालंय, सायेब."

"मग इथं कशाला बसलास?"

खिडकीत आबा उभे होते, पळीतली खीर त्यांच्या पायावर ठिबकत होती. मी म्हणालो, "शिकायला."

"खोटं बोलतोस."

तेवढ्यात गुरुजी पुढं आले. साहेबांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. साहेबांनी एकदा माझ्याकडं, एकदा खिडकीतल्या आबांकडं बघितलं. मग घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "याचं नाव पटावर आहे, तर हा शिकायला पाहिजे. शिमग्याच्या आधी मी परत येईन. तोवर याला वाचता आलं, तर हा विद्यार्थी आणि ही शाळा. नाही आलं, तर शाळेला कुलूप. समजलं?"

सगळ्या वस्तीनं माझ्याकडं बघितलं. आठ महिन्यांचा दगड, माती, कौलं, सगळं माझ्या डोक्यावर येऊन बसलं.

"पर सायेब," मी म्हणालो, "परवा मेंढरं घिऊन जायाचंय मला."

"मेंढरं मी नेतो," खिडकीतून आबा म्हणाले.

आबांचा गुडघा चार वर्षांपासून दुखत होता. मेंढरांमागं रानोमाळ फिरायचं त्यांनी कधीच बंद केलं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे ते आणि ताना वाडा घेऊन निघाले. बाकीचे वाडेही गेले, पण यंदा शाळेसाठी पोरं म्हाताऱ्यांपाशी मागं ठेवली. आई माझी लहानपणीच गेली होती, म्हणून माझ्या भाकरीचं काय, हा प्रश्न पडला. आबांनी केराआत्याला सांगितलं, "रडलीस तू, आता रांध तू." ती महिनाभर राहिली आणि रोज भाकरी वाढताना मला मिशीवरून बोलली.

ताना निघताना म्हणाली, "शिका. न्हायतर परत आल्यावर मला बायका इचारतील, तुझा बाळ पास झाला का?"

ते दिवस मी सांगू लागलो तर पुष्कळ आहे. एवढंच सांगतो की मेंढी विताना अडली तर आत हात घालून मी कोकरू सरळ करायचो, पण पाटीवरचा 'क' काही मला सरळ करता यायचा नाही. पेन्सिली मोडायच्या. रखमा माझी पाटी पुसून द्यायची आणि म्हणायची, "जाऊ दे काका, उद्या यील." मिशी परत वाढली, तशी पोरं मला मिशीकाका म्हणू लागली. धुळाची थोरली पोरगी सोनी वर्गात दिसायची. मला वाटलं, मागाहून आजीकडं परत आली असेल. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, शिमगा.

रात्री डोळे मिटले की अक्षरं कळपासारखी चालायची. हळूहळू मी त्यांची तोंडं ओळखू लागलो. मग एक दिवस वाटलं, अरे, ही तर नुसती ओळखायची आहेत, मोजायची नाहीत. त्या दिवसापासून सोपं गेलं.

साहेब शिमग्याच्या पाच दिवस आधी आले. पुस्तक नको म्हणाले, पुस्तक पाठ करून घेतलं असेल. त्यांनी पिशवीतून आपली भाकरी काढली. ती ज्या वर्तमानपत्रात गुंडाळली होती, तो कागद सोडवून माझ्यापुढं धरला. तेलाचा डाग नसलेल्या जागेवर बोट ठेवलं.

मी वाचलं. "आमचे... येथे... सर्व प्रकारच्या... छत्र्या... दुरुस्त... करून... मिळतील."

साहेबांनी कागद स्वतःकडं वळवून वाचला. मग म्हणाले, "छत्र्या! पाऊस तरी पडतो का रे तुमच्या माळावर?"

"यंदा पडंल, सायेब," मी म्हणालो.

त्यांनी सही केली आणि आपली भाकरी अर्धी मोडून मला दिली.

वैशाखात गुरुजींना ताप आला. त्यांनी मला बोलावून हजेरीचा पट माझ्या हातात दिला. म्हणाले, "आज तू नावं घे." मी पहिल्यांदाच तो पट उघडला. पहिल्या पानावर उद्घाटनाच्या दिवसाची तारीख होती. खाली नावं. मी एकेक वाचत गेलो. बोट लावून, सावकाश. विसावं नाव सोनाबाई धुळा खरात. तीच तारीख, तीच शाई, आणि पुढं त्या दिवशीची हजेरी. त्याच्या खाली माझं.

मी बोट उचललं आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. परत तेच.

संध्याकाळी गुरुजींच्या खाटेपाशी जाऊन बसलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ओळखलं.

"धुळाच्या म्हातारीनं हट्ट धरून सोनीला ठेवून घेतलं होतं," ते म्हणाले. "उद्घाटनाच्या पहाटे ती तिला घेऊन आली, तेव्हा म्हाळूतात्या माझ्याकडंच बसले होते. मी म्हणालो, झाले वीस. ते म्हणाले, कुणाला सांगू नका. दगडूला बोलावलंय, तो काय फुकट जाईल?"

"आन सायेब?"

"साहेबांना मी त्या दिवशी कानात सांगितलं. शाळा त्याच दिवशी मंजूर झाली, बिरू. शिमग्याला त्यांनी सही केली ती तुझ्या नावापुढं."

मला राग आला होता की काय, आता आठवत नाही. आला असेल. पाच महिने एक वस्ती डोक्यावर घेऊन मी बसलो होतो.

आबा रोहिण्यांच्या आधी परत आले. लंगडत होते, उन्हानं काळे पडले होते. मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडून होईपर्यंत मी थांबलो. मग पट घेऊन त्यांच्यापुढं जाऊन बसलो.

"आबा, वीस पोरं तर पुरी होती."

"व्हय."

"मग मला का बसवलंत?"

आबांनी पायातलं पायताण काढलं, त्यातला खडा झटकला.

"नुसतं सांगून तू गेला असतास का?"

मी मांडीवरचा पट उघडला.

"काय हाय त्यात?" त्यांनी पटाकडं मान केली.

"नावं हाईत. ह्ये माझं."

"वाच की."

"बिरू म्हाळू लवटे."

ते पुढं वाकले. "परत वाच."

मी परत वाचलं.

"मंजी मी बी हाय त्यात?"

"हाय की. मधी तुम्हीच हाईसा."

त्यांनी हात धोतराला पुसला आणि बोट पुढं केलं. ते नुसतं हवेत धरून म्हणाले, "कुठं?"

मी त्यांचं बोट धरलं आणि दोन अक्षरांवर ठेवलं. त्या बोटाखाली नाव झाकून गेलं. त्यांनी बोट उचललं, बघितलं, परत ठेवलं.

"लई बारकं हाय," ते म्हणाले.

"मोठं काढून दावू?"

त्यांनी वाघरीशेजारची माती तळहातानं सपाट केली आणि थोडे मागे सरकून बसले. मी काटकी घेतली.